‘भंडारा रोड’ : एका स्थानकनामाचा इतिहास

नागपूरहून पूर्वेकडे हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरांवर, ‘भंडारा रोड’ नावाचे स्थानक आहे. या नावाचे गाव मात्र नकाशात शोधू गेल्यास सापडत नाही. ज्या भूमीवर हे स्थानक उभे आहे ती भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी या गावाची. आणि ज्या नगराचे नाव स्थानकाने धारण केले आहे ते वैनगंगेच्या काठी, तेथून सुमारे सात मैलांवर. म्हणजे स्थानक एका गावात, नाव दुसऱ्या गावाचे, आणि या दोहोंमधील अंतराची कबुली देणारा ‘रोड’ हा तिसरा शब्द इंग्रजीतून आलेला, अशी या नावाची घडण आहे.

स्थलनामांच्या अभ्यासात रेल्वेस्थानकांच्या नावांकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. ग्रामनामे जुनी असतात. त्यांत लुप्त शब्दांचे, वृक्षांचे, देवतांचे, कुळांचे अवशेष सापडतात. स्थानकनामे त्यामानाने अर्वाचीन, कचेरीत बसून ठरविलेली, म्हणून भाषिकदृष्ट्या निकृष्ट अशी समजूत असावी. परंतु कचेरीत ठरलेले नाव हेही इतिहासाचे साधन असते. किंबहुना ते कोणी, कोणासाठी आणि कोणाकडे दुर्लक्ष करून ठरविले हे सांगण्याच्या कामी ते ग्रामनामापेक्षा अधिक स्पष्टवक्ते असते. वरठीच्या स्थानकाच्या उदाहरणावरून ही गोष्ट नीट उमगते.

१. दोन मार्गांची फारकत

रेल्वे येण्यापूर्वी नागपूर आणि छत्तीसगड यांना जोडणारा मुख्य मार्ग म्हणजे नागपूर–रायपूर हमरस्ता. इंग्रजी अमदानीत त्यास ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. हा रस्ता भंडाऱ्यास वैनगंगा ओलांडून पलीकडील कारध्यावरून लाखनी, साकोली, देवरी असा पूर्वेकडे जाई. आजचा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) मुख्यतः त्याच दिशेने जातो. भंडारा हे जिल्ह्याचे ठाणे, नदीच्या उताराचे ठिकाण आणि पितळी भांड्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असे गाव. नगराच्या नावाचा संबंध ‘भाणे’ म्हणजे पितळी ताट या शब्दाशी जोडण्याची परंपराही आहे. ती व्युत्पत्ती म्हणून टिको वा न टिको, नगराची ख्याती कोणत्या व्यवसायावर उभी होती हे तिच्यावरून कळते. अशा गावावरूनच लोहमार्ग जाईल अशी अपेक्षा कोणीही केली असती.

पण लोहमार्गाचे उद्दिष्ट भंडारा नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली मुंबईकडून नागपूरपर्यंत पोचला. त्यापुढील प्रश्न होता छत्तीसगडच्या धान्याचा. भात आणि गहू विपुल पिकणारा हा प्रदेश डोंगरांनी वेढलेला, आणि त्याचा माल बाहेर नेण्याचे साधन म्हणजे बंजाऱ्यांचे लमाण व बैलगाड्या. यासाठी नागपूर–छत्तीसगड रेल्वे हा एक मीटर मापाचा सरकारी मार्ग बांधण्यात आला, आणि १८८२ मध्ये तो राजनांदगावपर्यंत पुरा झाला. नागपूरहून कामठी, पुढे तुमसरजवळून माडगीपाशी वैनगंगा ओलांडून तिरोडा, गोंदिया, आमगाव, आणि मग दरेकसा–डोंगरगडच्या डोंगराळ पट्ट्यातून राजनांदगाव अशी या मार्गाची आखणी झाली. हमरस्ता दक्षिणेकडून गेला, लोहमार्ग उत्तरेकडून. जी वैनगंगा रस्त्याने भंडाऱ्याच्या वेशीवर ओलांडली तीच लोहमार्गाने कित्येक मैल वर जाऊन ओलांडली. शतकानुशतके एकाच दिशेने चाललेल्या वाहतुकीची अशी फारकत झाली, आणि भंडारा रस्त्याच्या बाजूस राहिले.

या पहिल्या मार्गाची एक मोठी अडचण होती. मुंबईकडून येणारा लोहमार्ग रुंद मापाचा, म्हणजे साडेपाच फुटी, आणि पुढचा मीटर मापाचा. त्यामुळे प्रत्येक पोते नागपुरास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन १८८८ साली तो रुंद मापाचा केला आणि पुढे बिलासपूरवरून असनसोलपर्यंत वाढविला. १८९१ साली तो पुरा झाला, आणि १९०० मध्ये खरगपूर–हावडा जोडणी होऊन मुंबई ते कलकत्ता असा नागपूरवरून जाणारा सलग मार्ग सिद्ध झाला. वरठीच्या शेतांलगतचे ते छोटे स्थानक अठरा वर्षांच्या अवधीत एका प्रांतिक धान्यमार्गावरून देशाच्या दोन मोठ्या बंदरांना जोडणाऱ्या राजमार्गावर आले. नाव मात्र भंडाऱ्याचेच राहिले.

२. ‘रोड’ या पदाचा अर्थ

स्थानकनामातील ‘रोड’ हे पद महाराष्ट्रात दोन अगदी भिन्न अर्थांनी वावरते, आणि हा भेद लक्षात न घेतल्यास गोंधळ होतो. मुंबईतील ग्रँट रोड, रे रोड ही स्थानके जवळच्या रस्त्याच्या नावाने ओळखली जातात. तेथे ‘रोड’ म्हणजे स्थानकाशेजारील प्रत्यक्ष रस्ता. ग्रँट रोडच्या रस्त्यास पुढे मौलाना शौकत अली मार्ग हे नाव मिळाले. स्थानकाने जुने नाव टिकविले, एवढाच काय तो फरक. मुंबईबाहेरील ‘नाशिक रोड’, ‘भंडारा रोड’, ‘तुमसर रोड’, नागपूर–नागभीड मार्गावरील ‘पवनी रोड’, किंवा राजस्थानातील ‘आबू रोड’ या नावांत रस्ता स्थानकाचा नसून गंतव्य नगराचा आहे. ‘या नगरास जावयाचे असेल तर येथे उतरा आणि रस्त्याने पुढे जा’ अशी सूचना त्या एका शब्दात सामावलेली असते. पहिल्या प्रकारात ‘रोड’ हे पद स्थानकाचे ठिकाण सांगते. दुसऱ्यात ते स्थानक कोठे नाही हे सांगते.

या दुसऱ्या प्रकारच्या नावात एक गृहीतही दडलेले आहे. स्थानक ज्या गावात आहे त्या गावास प्रवासी जाणार नाही. तो दूरच्या नगरासच जाणार, असे ते गृहीत. याच मार्गावरील इतर स्थानके पाहिली असता हे अधिक स्पष्ट होते. नागपूरच्या बाजूस खात, तिरोड्याच्या बाजूस मुंडीकोटा ही स्थानके आपल्याच गावांच्या नावाने ओळखली जातात. कारण त्यांच्या परिसरात रेल्वेच्या दृष्टीने महत्त्वाचे दुसरे नगर नव्हते. ज्या गावाजवळ नगर होते त्याच गावाचे नाव गेले. वरठीच्या बाबतीत जिल्ह्याचे ठाणे जवळ असणे हाच नाव गमावण्याचा हेतू ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

३. स्थानकाची सेवा

स्थानक बांधले गेले नगरासाठी, पण नगरापासून दूर. म्हणून त्याच्या सेवेस आरंभापासून दोन अंगे होती. एक लोहमार्गावरचे, दुसरे त्या सात मैलांच्या रस्त्यावरचे. जिल्ह्याच्या कचेऱ्या, न्यायालये आणि बाजारपेठ भंडाऱ्यास असल्याने पक्षकार, अधिकारी, व्यापारी, विद्यार्थी, टपाल आणि माल सर्वांनाच गाडीतून उतरल्यावर या रस्त्याने जावे लागे. त्यासाठी दमणी, खाचर व टांगे, पुढे मोटारी आणि त्यानंतर राज्य परिवहनाच्या गाड्या अशी वाहनांची एक पुरवणी रेल्वे निर्माण झाली. तिचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून. गाडी उशिरा आली की त्या दिवशीचा भंडाऱ्याचा व्यवहारही उशिरा सुरू होई.

वेळेचा हा मुद्दा किरकोळ नाही. १९०६ पूर्वी हिंदुस्थानातील बहुतेक लोहमार्गांवर मद्रासची वेळ पाळली जाई. खेड्यातील दिवस सूर्यावर, बाजारावर आणि देवळाच्या घंटेवर चालणारा. स्थानकातील दिवस घड्याळावर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ अमलात आली, तरी ग्रामीण भागात तिचा परिचय शाळेच्या आधी स्थानकाने करून दिला. त्याचप्रमाणे रेल्वेच्या तारयंत्राचा उपयोग लोकांना तारा पाठविण्यासही होत असे. प्रवासी नेणे-आणणे हे स्थानकाचे काम खरे. पण वेळ, बातमी आणि भाव या तीन गोष्टी गावात आणणे हेही त्याच्याकडून झाले.

माल हे स्थानकाचे दुसरे जीवन. भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांखालील धानशेती आणि गावोगावच्या तांदळाची बाजारपेठ यांचे वर्णन जुन्या विवरणांत वारंवार येते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांताने लोहमार्गाचे दोन्ही चेहरे पाहिले. बाहेरून धान्य आणण्याचे साधन तेच, आणि सुकाळात धान्य बाहेर काढून स्थानिक साठे रोडावण्यास मदत करणारे साधनही तेच. बंजाऱ्यांच्या लमाणी व्यापाराचा ऱ्हासही याच काळात पूर्णत्वास गेला. ज्या मार्गाने बैलांचे तांडे धान्य नेत त्याच प्रदेशातील मालधक्क्यावर आता पोत्यांच्या थप्प्या लागू लागल्या. रेल्वेमुळे समृद्धी आली वा दारिद्र्य आले, असा एकेरी निष्कर्ष काढणे या जिल्ह्याच्या बाबतीत युक्त नाही. वाहतूक वाढली, तिचा लाभ कोणास झाला हे जमीन, सावकारी आणि बाजार यांच्या संबंधांवर अवलंबून राहिले.

पुढील काळात स्थानकाची व्यवस्था अनेकदा बदलली. बंगाल–नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारी व्यवस्थापनाखाली आली. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत समाविष्ट झाली. १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे वेगळी झाली. आणि २००३ मध्ये बिलासपूर येथे मुख्यालय असलेली दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे अस्तित्वात येऊन भंडारा रोड तिच्या नागपूर विभागात गेले. जिल्ह्याची राजकीय व्यवस्था याच काळात मध्यप्रदेशाकडून १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याकडे आणि १९६० साली महाराष्ट्राकडे आली. राज्य मराठी झाले. लोहमार्गाचे मुख्यालय मात्र प्रथम कलकत्त्याच्या गार्डन रीचला आणि नंतर बिलासपुरास, म्हणजे सदैव मराठी मुलखाबाहेरच राहिले.

आज मुंबई–गोंदिया विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस यांसारख्या गाड्यांमुळे भंडारा रोडचा राज्याच्या पश्चिम टोकाशी थेट संबंध आहे. १९८० नंतरच्या दशकात वरठीस पोलादाचा कारखाना उभा राहिल्याने गावाचे स्वरूपही पालटले. नागपूर किंवा गोंदियास रोज नोकरीनिमित्त ये-जा करणारा वर्ग मोठा आहे. या वर्गासाठी विदर्भात रूढ असलेला ‘अप-डाऊन करणारे’ हा शब्दप्रयोग रेल्वेच्या परिभाषेतूनच आलेला आहे.

४. तुलनेसाठी देव्हाडी

भंडारा रोडच्या पुढे याच मार्गावर ‘तुमसर रोड’ हे जंक्शन आहे. तेही आपल्या गावाचे नाव धारण करीत नाही. ते देव्हाडीच्या भूमीवर आहे. आरंभी दोन्ही स्थानकांची स्थिती सारखीच होती, म्हणजे दुसऱ्याचे नाव आणि नगरापर्यंतचा रस्ता. पुढील इतिहास मात्र वेगळा झाला, आणि त्यास कारण मँगनीज.

मध्यप्रांतात मँगनीजच्या उत्खननास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर जिल्ह्यातील मनसर भागात आरंभ झाला. थोड्याच वर्षांत तुमसरच्या उत्तरेकडील चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि पलीकडे बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी येथील साठे पुढे आले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे ल्युईस फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात या साठ्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. पोलाद बनविण्यास मँगनीज अपरिहार्य; हे जड खनिज बैलगाडीने बंदरापर्यंत नेणे अशक्य. त्यास्तव तुमसर रोडपासून तिरोडीपर्यंत शाखामार्ग घालण्यात आला. तुमसर टाउन, मिटेवानी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग ही त्यावरील स्थानके होत. पुढे १९३१ मध्ये रायपूर–विजयनगरम् मार्ग पुरा झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणचे बंदर सुरू झाले, तेव्हा या खनिजास समुद्राकडे जाण्याची जवळची वाट मिळाली. ही सारी योजना मध्यप्रांताचे मँगनीज डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेली होती. १९६२ मध्ये ‘मॅंगनीज ओअर इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली. चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणी तिच्याच व्यवस्थेखाली आहेत.

या इतिहासात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जे लोहमार्गाने नगरासाठी केले नाही ते खनिजासाठी केले. शाखामार्ग खाणींकडे निघाला आणि वाटेत तुमसर गाव लागले. म्हणून तेथे स्थानक झाले. मूळचे ‘तुमसर रोड’ हे नाव आधीच वापरात असल्याने नव्या स्थानकास ‘तुमसर टाउन’ म्हणावे लागले. एकाच नगराची ‘रोड’ आणि ‘टाउन’ अशी दोन स्थानके शेजारी शेजारी असणे हा त्या विलंबाचा लेखी पुरावा आहे. भंडाऱ्याच्या पलीकडे अशी खाण नव्हती. म्हणून सर्वसाधारण प्रवाशांसाठी ‘भंडारा टाउन’ कधी झाले नाही.

गोंदियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी विवरणांत तिरोडा तहसिलीतील एक गाव म्हणून त्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्याकडे आणि नागभीडकडे जाणारे अरुंद मापाचे मार्ग तेथून निघाले, गाव जंक्शन झाले, भातगिरण्या आणि विडीचा धंदा वाढला. २०११ च्या जनगणनेत गोंदियाची लोकसंख्या सुमारे १ लाख ३२ हजार, तर भंडाऱ्याची सुमारे ९२ हजार होती. त्याआधीच, १ मे १९९९ रोजी, भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले होते. विभाजनास केवळ लोहमार्ग कारण झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि जुन्या ठाण्याच्या तोडीचे दुसरे नगर त्याच जिल्ह्यात उभे राहिले ते रुळांच्या काठी, आणि जुने ठाणे सात मैल बाजूस राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

५. नावाचे व्याकरण

आता या नावाच्या भाषिक वर्तनाकडे वळता येईल. ‘भंडारा’ हे आकारान्त नाम मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप घेते : ‘भंडाऱ्याला’, ‘भंडाऱ्याहून’, ‘भंडाऱ्यात’. ‘भंडारा रोड’ या जोडनामात मात्र प्रत्यय दुसऱ्या पदास लागतो आणि पहिले पद अविकृत राहते : ‘भंडारा रोडला’, ‘भंडारा रोडहून’. अर्थाच्या दृष्टीने हा षष्ठी तत्पुरुष आहे, ‘भंडाऱ्याचा रस्ता’. पण ‘भंडाऱ्याचा रोड’ असे स्थानकास कोणी म्हणत नाही. म्हणजे जोडनाम एक अखंड संज्ञा म्हणून स्थिर झाले असून त्याच्या घटकांचा अर्थ वापरणाऱ्याच्या मनातून जवळजवळ पुसला गेला आहे.

यामुळे बोलण्यात एक उपयुक्त भेद निर्माण झाला. ‘भंडाऱ्याला उतरलो’ म्हणजे नगरात पोचलो, बहुधा मोटारीने. ‘भंडारा रोडला उतरलो’ म्हणजे अजून सात मैल बाकी. सामान्यरूप असणे किंवा नसणे यावर एवढे अंतर अवलंबून आहे. व्याकरणातील एका क्षुल्लक वाटणाऱ्या विकाराने भूगोल सांभाळावा, याचे असे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

परंतु परिसरातील लोकांच्या बोलण्यात याहून सोपा मार्ग रूढ आहे. ते स्थानकास ‘वरठी’ म्हणतात, जसे तुमसर रोडास ‘देव्हाडी’ म्हणतात. वर्तमानपत्रांतील स्थानिक वृत्तांतही ‘वरठी रेल्वेस्थानक’, ‘देव्हाडी रेल्वेस्थानक’ असेच पुष्कळदा छापले जाते. शासकीय नाव तिकिटावर आणि फलकावर, ग्रामनाम तोंडी. एकाच स्थळास दोन नावे असून त्यांचा वापर प्रसंगाप्रमाणे आणि बोलणाऱ्याच्या स्थानाप्रमाणे विभागलेला आहे : बाहेरचा माणूस ‘भंडारा रोड’ म्हणतो, जवळचा ‘वरठी’. कोण कोठला हे ओळखण्यास हा एक शब्द पुरेसा होतो.

रेल्वेची इतर परिभाषा मराठीने कशी पचविली हेही येथे पाहण्यासारखे आहे. ‘स्टेशन’ या शब्दातील आरंभीचे जोडाक्षर ग्रामीण उच्चारात सुटून ‘टेसन’ झाले. ‘पॅसेंजर’ हा शब्द इंग्रजीत प्रवाशाचा वाचक. मराठीत तो संथ गाडीचा वाचक झाला, आणि ‘गाडी’ या अध्याहृत शब्दाच्या आधाराने त्याने स्त्रीलिंग घेतले : ‘पॅसेंजर आली’, ‘एक्सप्रेस गेली’, ‘मेल चुकली’. ‘सिग्नल पडला’ या प्रयोगाचे मूळ जुन्या हाताच्या सिग्नलात, त्याचा आडवा हात प्रत्यक्ष खाली पडे त्या दृश्यात आहे. रंगीत दिव्यांचे सिग्नल आल्यावर पडण्यासारखे काही उरले नाही, तरी क्रियापद टिकले. यंत्र जाते आणि त्याचा शब्दप्रयोग मागे राहतो, हा नियम रेल्वेच्या भाषेत वारंवार प्रत्ययास येतो.

६. उसन्या नावांची तीन भवितव्ये

ज्या गावांच्या भूमीवर परक्या नावाची स्थानके आली त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले असता तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार कुर्डुवाडीचा. सोलापूर जिल्ह्यातील या स्थानकास पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत. बार्शी ही मोठी पेठ लोहमार्गापासून दूर राहिली. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने अडीच फुटी मापाचा मार्ग घालून ती स्थानकाशी जोडली. बार्शीस स्वतःची गाडी मिळाली. पुढे स्थानकाचे उसने नाव जाऊन गावाचे ‘कुर्डुवाडी’ हे नाव त्यावर आले. येथे ग्रामनामाचा जय झाला.

दुसरा प्रकार नाशिक रोडचा. तेथेही नगर आणि स्थानक यांमध्ये अंतर होते; ते तोडण्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत चालली. स्थानकाभोवती वस्ती वाढत जाऊन ‘नाशिक रोड’ हेच त्या वस्तीचे नाव झाले, आणि आज नाशिक महानगराचा एक भाग त्याच नावाने ओळखला जातो. येथे स्थानकनाम हेच ग्रामनाम बनले. रस्त्यासाठी आलेला शब्द वस्तीचा वाचक झाला.

तिसरा प्रकार वरठीचा. येथे ग्रामनाम नष्ट झाले नाही आणि स्थानकनामही बदलले नाही. शंभराहून अधिक वर्षे दोन्ही नावे एकाच भूमीवर नांदत आहेत. याचे कारण दुहेरी असावे. बार्शीप्रमाणे भंडाऱ्यास प्रवाशांसाठी स्वतःचा जोडमार्ग मिळाला नाही, म्हणून ‘भंडारा रोड’ या सूचनेची गरज संपली नाही. आणि नाशिकप्रमाणे नगर स्थानकापर्यंत पसरले नाही, म्हणून गावाचे स्वतंत्र व्यक्तित्वही संपले नाही. स्वतःची ग्रामपंचायत, स्वतःचा बाजार आणि पुढे स्वतःचा कारखाना असलेल्या गावाने आपले नाव बोलण्यातून जाऊ दिले नाही.

चौथाही एक संभव आहे. तो म्हणजे स्थानकच जाणे. नागपूर–नागभीड हा अरुंद मापाचा मार्ग रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला, आणि त्यावरील पवनी रोडसारख्या स्थानकांची जुनी गाडी इतिहासजमा झाली. गाडी थांबली की स्थानकनामाचे अस्तित्व फलकापुरते उरते. ग्रामनामास तसा धोका नसतो, कारण ते गाडीवर अवलंबून नसते.

७. समारोप

वरील विवेचनावरून ऐतिहासिक संशोधनासाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. रेल्वेची वेळापत्रके, मालवाहतुकीचे अहवाल आणि स्थानकांच्या याद्या यांत ‘वरठी’ सापडत नाही; महसुली कागद, जनगणनेच्या ग्रामसूची आणि पंचायतीची दप्तरे यांत ‘भंडारा रोड’ सापडत नाही. जो अभ्यासक एकाच प्रकारच्या साधनांवर विसंबेल त्यास अर्धेच गाव दिसेल. लोहमार्गाचा इतिहासकार या ठिकाणी केवळ थांबा पाहील आणि ग्रामेतिहासाचा अभ्यासक केवळ शेती व वस्ती पाहील. परंतु गावाची प्रत्यक्ष घडण या दोहोंच्या संगतीतून झाली आहे. यास्तव स्थलनामांच्या कोणत्याही जिल्हावार सूचीत स्थानकनाम आणि ग्रामनाम ही दोन्ही एकमेकांचा निर्देश करून नोंदविली पाहिजेत, आणि परिसरातील लोक प्रत्यक्ष कोणते नाव उच्चारतात तेही तिसऱ्या रकान्यात लिहिले पाहिजे.

ही नोंद आता करणे अगत्याचे आहे. भंडारा रोड व तुमसर रोड या दोन्ही स्थानकांचा समावेश ‘अमृत भारत स्थानक’ योजनेत झालेला असून अशा स्थानकांच्या इमारती, फलक आणि परिसर पालटत आहेत. तिरोडीचा शाखामार्गही, जो शतकभर तेथेच संपत होता, आता कटंगीमार्गे बालाघाटकडे जोडला गेला आहे. जुन्या इमारतींबरोबर जुने फलक, मालधक्के आणि त्यांच्याशी निगडित शब्द नाहीसे होतात. ज्या वृद्ध हमालांनी, टांगेवाल्यांनी आणि गँगमननी ती परिभाषा घडविली त्यांच्याकडून ती मिळण्याची मुदत फार लांब नाही. इमारतीची छायाचित्रे कोणीही घेईल. शब्दांची नोंद भाषेच्या अभ्यासकानेच घ्यावयाची आहे.

वरठीच्या स्थानकाने भंडाऱ्यास मुंबईशी आणि कलकत्त्याशी जोडले आणि त्याच वेळी त्यास सात मैल दूर ठेवले. नगराचे नाव देशभर नेले आणि गावाचे नाव फलकावरून उतरविले. या दोन्ही गोष्टी ‘भंडारा रोड’ या दोन शब्दांत नमूद आहेत, आणि तिसरी, जी नमूद नाही, ती गावकऱ्यांच्या बोलण्यात सुरक्षित आहे.